शेवटच्या बाकापर्यंत पोचते का?



गेल्या पावसाळ्यात आमच्या वस्तीच्या अभ्यासिकेत वाय-फाय बसले. घरटी शंभर रुपये वर्गणी ठरली होती. कुणी एकदम दिली, कुणी दोन हप्त्यांत. चार घरची धुणीभांडी करणाऱ्या एका मावशींनी पन्नास-पन्नास करून दिली आणि दोन्ही वेळेला पावती मागून घेतली. मला त्याचा अभिमान वाटला. पैसा देणाऱ्याने पावती मागितलीच पाहिजे.

ठरल्या दिवशी कारागीर आला. कमिटीच्या खोलीत भिंतीवर पांढरा डबा ठोकला, वायर जोडली, हिरवा दिवा लागला. त्याने डब्याखाली उभे राहून स्वतःच्या फोनवर गाणे लावून दाखवले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, चहा झाला. खजिनदार या नात्याने मी तिथल्या तिथे पूर्ण बिल चुकते केले. पंधरा-वीस वर्षे कारकुनी केलेला माणूस मी, कचेरीत तपासल्याशिवाय एक कागद पुढे सरकवत नाही. पण समाजाच्या पैशाच्या बाबतीत नेमके तेच विसरलो. आजचा लेख त्या चुकीचा आहे.

चौथ्या दिवशी रात्री आठच्या सुमारास अभ्यासिकेत गेलो, तर बारावी झालेली एक मुलगी बाहेर जिन्यावर बसलेली. हातात फोन, मांडीवर कागदांची पिशवी.

“काय गं, आत जागा नाही का?”

“जागा आहे काका, पण मुलींच्या बाजूला शेवटच्या बाकावर फॉर्म पुढे जात नाही. नुसतं चाक फिरतं. आज शेवटची तारीख आहे.”

शिष्यवृत्तीचा फॉर्म. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, गुणपत्रिका असे सगळे फोटो काढून चढवायचे होते. फॉर्म उघडत होता, पण कागद वर चढत नव्हते. मी तिला कमिटीच्या खोलीत माझ्या खुर्चीवर बसवले. पाच मिनिटांत फॉर्म गेला. ती “थँक्यू काका” म्हणून निघून गेली, पण माझी झोप गेली. पैसे सगळ्यांचे, खोली एकच, छप्पर एकच. मग कमिटीच्या खुर्चीवर गाणे वाजते आणि शेवटच्या बाकावर एक दाखला चढत नाही, हे कसे?

कारागिराला फोन केला. तो म्हणाला, “साहेब, दिवा हिरवा आहे ना? मग चालू आहे.”

दिवा हिरवा असतो म्हणजे डब्याला वीज मिळाली, फार तर वायर जोडलेली आहे, एवढेच सिद्ध होते. कचेरीत दिवा लागला म्हणजे काम सुरू झाले असे आपण म्हणतो का? मग आम्ही तिघे बसलो. वायरमनचा कोर्स केलेला वस्तीतला एक तरुण, संगणकाची पदविका करणारी एक मुलगी आणि मी. पुढचे दोन रविवार आम्ही त्या डब्याची परीक्षा घेतली. त्यातून जे शिकलो ते आपल्यासमोर ठेवतो. कारण आता जागोजागी अभ्यासिकांत, समाजमंदिरांत, चाळींच्या ऑफिसांत हे डबे बसत आहेत, आणि पैसे आपल्यासारख्यांच्याच खिशातून जात आहेत.

डबा कोणता, काम काय

आपण सगळ्यालाच ‘वाय-फाय’ म्हणतो, पण कामे तीन आहेत. बाहेरून काचेच्या बारीक तारेतून नेट येते, ते उतरवून घेणारा एक डबा. ते नेट कुणाकुणाला वाटायचे याचा हिशेब ठेवणारा दुसरा, त्याला राउटर म्हणतात. आणि वायरीतले नेट हवेतून लहरींनी फोनपर्यंत पोचवणारा तिसरा, तो ॲक्सेस पॉइंट. घरात ही तिन्ही कामे बहुधा एकाच डब्यात असतात, म्हणून फरक कळत नाही. मोठ्या खोलीत तिसऱ्याला वेगळे काढावे लागते. वायर जिथे घरात शिरते तिथे पहिला डबा राहू दे. पण ॲक्सेस पॉइंट माणसे जिथे बसतात तिथे हवा. नळाचे पाइप गल्लीच्या तोंडाशी आले तरी नळ गल्लीच्या मध्यावर लावावा लागतो, तसेच हे.

आमच्याकडे डबा कमिटीच्या खोलीत का लागला? कारण प्लग तिथे होता आणि पदाधिकारी तिथे बसतात. दुसरे कारण नव्हते. कुणी मुद्दाम केले नाही. पण कुणी विचारही केला नाही.

लहर कशाने अडते

बिनतारी लहर भिंतीपलीकडे जाते हे आपल्या देशात फार पूर्वी दाखवून झाले आहे. १८९५ साली कलकत्त्यात जगदीशचंद्र बोस यांनी लहरी भिंतींपलीकडे पाठवून घंटा वाजवून दाखवली होती. वाय-फायचे पहिले प्रमाण १९९७ साली ठरले, तेव्हा त्याचा वेग सेकंदाला फक्त दोन मेगाबिट होता. ‘वाय-फाय’ हे नाव १९९९ चे. आपल्याकडे २.४ गिगाहर्ट्झची लहर २००५ साली परवान्याच्या कटकटीतून मोकळी झाली आणि ५ गिगाहर्ट्झचा मोठा पट्टा २०१८ साली. म्हणूनच आज चाळीतल्या कुठल्याही घरात हा डबा सरकारी परवाना न काढता लावता येतो.

भिंतीपलीकडे जाते म्हणजे फुकट जाते असे नाही. प्रत्येक अडथळा आपला कर वसूल करतो. लाकूड, प्लायवूड, काच थोडा कर घेतात. विटांची भिंत जास्त घेते. सळ्या घातलेला स्लॅब त्याहून जास्त. आणि लोखंडी कपाट, पत्रा, आरसा, पाण्याची टाकी यांच्यापुढे लहरीची मात्रा फारशी चालत नाही. माणसाच्या शरीरातही पाणीच आहे. म्हणून रिकाम्या खोलीत चालणारे वाय-फाय मुलांनी भरलेल्या खोलीत अशक्त होते. २.४ ची लहर भिंत जरा बरी ओलांडते, पण तिच्यावर गर्दी फार. ५ ची लहर वेगवान आणि मोकळी, पण भिंत दिसली की दमते.

आता आमच्या अभ्यासिकेचा नकाशा पाहा. डबा कमिटीच्या खोलीत. मध्ये विटांची भिंत. भिंतीला टेकून पुस्तकांची तीन लोखंडी कपाटे. पुढे मुलांचे बाक. त्यानंतर पत्र्याचे पार्टिशन, आणि पार्टिशनपलीकडे मुली. म्हणजे वीट, लोखंड, पत्रा असे तीन नाके ओलांडल्यावर जे उरेल ते मुलींचे!

ताकद मोजायची कशी

फोनवरच्या तीन-चार रेषांवर जाऊ नका. फोनमध्ये वाय-फाय तपासण्याचे फुकट ॲप घालता येते. ते ताकद आकड्यात दाखवते. या आकड्याला डीबीएम म्हणतात आणि तो उणे असतो. उणे ४० म्हणजे उत्तम. उणे ६५ च्या आसपास काम छान चालते. उणे ७० च्या खाली कुरकुर सुरू होते आणि उणे ८० नंतर नाव दिसते पण काम होत नाही. शाळेत मायनसची बेरीज-वजाबाकी शिकलो तेव्हा तिचा उपयोग काय असे वाटायचे, तो आज कळला. उणे ८० हे उणे ६० पेक्षा लहान.

या आकड्याची एक गंमत आहे. तीन कमी झाले की ताकद निम्मी. दहा कमी झाले की दहावा हिस्सा. वीस कमी म्हणजे शंभरावा हिस्सा. आम्ही मोजले तेव्हा माझ्या खुर्चीवर उणे ४४ आणि मुलींच्या शेवटच्या बाकावर उणे ८२ आले. फरक ३८ चा. कागदावर हिशेब मांडला तर सहा हजार पटींहून जास्त निघाला! खजिनदाराच्या खुर्चीला सहा हजार आणि त्या मुलीला एक. असे वाटप कुठल्याही सभेत ठरावाने मंजूर झाले असते का? पण भिंतीला खिळा ठोकताना ते झाले होते.

शेवटचा मागे राहिला की सगळे मागे राहतात

आता सर्वांत महत्त्वाचे. एका डब्यावर एका वाहिनीवर एका वेळी एकानेच बोलायचे, बाकीच्यांनी थांबायचे, असा वाय-फायचा साधा नियम आहे. आपल्या सभेत एका वेळी एकच वक्ता बोलतो तसे. नव्या डब्यांत थोड्याबहुत सवलती आहेत, पण मूळ शिस्त हीच.

ज्याच्यापर्यंत लहर नीट पोचते तो फोन आपले बोलणे झटकन संपवतो. ज्याच्यापर्यंत ती क्षीण पोचते तो हळू बोलतो, चुकतो, पुन्हा सांगतो. तेवढा वेळ बाकीचे ताटकळतात. म्हणजे शेवटच्या बाकावरच्या दोन-तीन मुलींचे फोन धडपडत राहिले की पुढच्या बाकावरच्या मुलांचाही वेग खाली येतो. पुढची मुले तक्रार करत होती की संध्याकाळी नेट सुस्त होते. त्यांना वाटायचे मागे कुणीतरी सिनेमा बघत असेल. प्रत्यक्षात मागे कुणीतरी एक दाखला चढवण्याचा विसावा प्रयत्न करत होते.

मागच्याला जागा देणे हा उपकार नाही. त्यात पुढच्याचाही फायदा आहे. हे मी भाषणात अनेकदा बोललो असेन, पण एका पांढऱ्या डब्याने ते आकड्यांत दाखवले.

आम्ही काय बदलले

पहिले काम, डबा हलवला. हॉलच्या मध्यावर, स्लॅबखाली, तोंड खाली करून बसवला. मुलांचे आणि मुलींचे दोन्ही भाग त्याला सारखे दिसतील अशी जागा निवडली. तिथे प्लग नव्हता. पण चांगल्या ॲक्सेस पॉइंटला वीजही नेटच्याच केबलमधून देता येते. २००३ च्या मूळ प्रमाणानुसार अशा केबलवर १५.४ वॉटपर्यंत वीज सोडता येते. खाली स्विचबोर्डपाशी एक छोटा जोडडबा लावायचा, तिथून नेट आणि वीज एकाच केबलने वर जातात. छतापर्यंत २३० व्होल्टची वायर ओढावी लागत नाही. मात्र डब्यावर लिहिलेला व्होल्टेज आणि जोडडब्याचा व्होल्टेज जुळतो का, ते आधी वाचा. २४ आणि ४८ ची गफलत झाली तर नवा डबा मरतो.

दुसरे काम, केबल. कारागिराने दिलेली केबल सोलून पाहिली. वरून तांब्याचा रंग, ब्लेडने खरवडली तर आत चांदीसारखा पांढरा धातू. म्हणजे ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा! अशा केबलमध्ये लांब अंतरावर वीज गळते आणि ती चटकन तुटते. आम्ही शुद्ध तांब्याची आणली. एका केबलची लांबी १०० मीटरच्या आत ठेवावी. विजेच्या वायरीला चिकटवून लांबवर समांतर नेऊ नये. ओलांडावी लागली तर काटकोनात ओलांडावी. बाहेरून आत शिरताना केबलला खाली झोळ द्यावा, म्हणजे पावसाचे पाणी झोळावरून ठिबकते, डब्यात शिरत नाही.

टोकाला प्लग बसवताना आठ बारीक तारांचा क्रम महत्त्वाचा. प्रचलित क्रम असा: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. दोन्ही टोकांना हाच क्रम हवा. एखादी तार हुकली तरी दिवा हिरवा लागू शकतो आणि नेट मात्र रांगते. आठही तारा तपासणारे छोटे यंत्र इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात स्वस्तात मिळते. आमच्या वायरमन पोराकडे ते होते.

तिसरे काम, अडथळे. लोखंडी कपाटे कडेच्या भिंतीला नेली. पत्र्याच्या पार्टिशनच्या जागी प्लायवूड लावले. वस्तीतल्या सुतारदादांनी मजुरी घेतली नाही, फक्त सामानाचे पैसे घेतले. सगळे मिळून खर्च दोन हजारांच्या आत आला. त्याचा जमाखर्च फळ्यावर लावला आहे.

चौथे काम, वाहिनी. २.४ च्या पट्ट्यात आपल्याकडे १ ते १३ क्रमांकाच्या वाहिन्या दिसतात, पण त्या एकमेकींच्या अंगावर आहेत. एकमेकींना धक्का न लावणाऱ्या तीनच, १, ६ आणि ११. ॲपवर पाहिले तर आजूबाजूची सगळी घरे १ आणि ६ वर गर्दी करून होती. आम्ही ११ घेतली आणि वाहिनीची रुंदी २० ठेवली. रुंदी वाढवली की वेग वाढतो असे कारागीर सांगतात, पण दाट वस्तीत रुंद वाहिनी म्हणजे शेजाऱ्यांच्या बोलण्यात तोंड घालणे. ज्यांचे फोन नवे आहेत त्यांना ५ वर वळवले.

एक गैरसमज इथेच दूर करतो. पुष्कळ जण डब्याची शक्ती पूर्ण वाढवून ठेवतात. पण बोलणे दोन्ही बाजूंनी व्हायचे असते. डबा मोठ्याने ओरडतो, फोन मात्र कुजबुजतो. डब्याचे फोनला ऐकू येते, फोनचे डब्याला येत नाही. त्या मुलीचा फॉर्म उघडत होता आणि कागद चढत नव्हते, याचे कारण हेच. म्हणून शक्ती वाढवण्याआधी डबा जवळ आणावा. एका डब्याने खोली भागत नसेल तर दुसरा लावावा, त्यालाही केबल ओढावी आणि दोघांना वेगवेगळ्या वाहिन्या द्याव्यात. केबल न ओढता लहर पुढे ढकलणारे साधे डबे स्वस्त असतात, पण ते त्याच वाहिनीवर एकदा ऐकून पुन्हा बोलतात, त्यामुळे वेग साधारण अर्ध्यावर येतो.

परीक्षेची वही

आता परीक्षा. आम्ही दोनशे पानी वहीत रकाने आखले: जागा, वेळ, ताकद, उतरण्याचा वेग, चढण्याचा वेग, पोच, सही. आणि क्रम असा ठेवला.

आधी वायरीवर मोजा. लॅपटॉप केबलने थेट राउटरला जोडा. आमचा प्लॅन १०० मेगाबिटचा. वायरीवर ९३ आले. वायरीवरच ३० आले असते तर दोष कंपनीच्या लाइनचा, ॲक्सेस पॉइंटला बोल लावण्यात अर्थ नाही.

मग डब्याखाली दहा फुटांवर मोजा. इथे वायरीच्या जवळपास आले पाहिजे.

मग प्रत्येक बाकावर मोजा. सुरुवात शेवटच्या बाकापासून करा. दार बंद ठेवा, पंखे चालू ठेवा, जसे रोज असते तसे.

मग चढवून पाहा. नुसता उतरण्याचा वेग पुरेसा नाही. आपल्या मुलांना सिनेमा उतरवायचा नाही, दाखले चढवायचे आहेत. एक मोठा फोटो स्वतःलाच पाठवा आणि घड्याळ लावा.

मग पोच पाहा. संगणकावर पिंग नावाची सोय असते. ती छोटे पत्र पाठवते आणि पोचपावती परत येते का, किती वेळात येते, ते सांगते. शंभर पत्रे पाठवा. आधी आपल्याच राउटरला, मग बाहेरच्या जगाला. राउटरकडूनच पावत्या गहाळ होत असतील तर दोष खोलीतल्या हवेचा. राउटरकडून शंभर येतात आणि बाहेरून येत नाहीत, तर दोष बाहेरच्या लाइनचा. या एका परीक्षेने कारागीर आणि कंपनी एकमेकांकडे बोट दाखवायचे थांबतात.

मग भरलेल्या खोलीत मोजा. आम्ही एका रविवारी संध्याकाळी तीस मुलामुलींना बोलावले आणि सांगितले, सगळ्यांनी एकदम साधा व्हिडिओ लावा. त्याला माणशी एक-दोन मेगाबिट पुरतात. कुठे अडकते ते वहीत लिहिले. एकाच फोनने सगळे नेट ओढू नये म्हणून राउटरमध्ये प्रत्येकाला मर्यादा घालता येते, ती घातली.

शेवटी वीज घालवा. मेन स्विच बंद करून पुन्हा चालू केल्यावर कुणी हात न लावता सगळे आपोआप सुरू होते का? किती मिनिटांत? लाइट गेल्यावरही चालू ठेवायचे असेल तर तिन्ही डब्यांना बॅटरी हवी. एकाला दिली आणि दुसऱ्याला दिली नाही तर उपयोग शून्य.

नव्या जागेवर डबा बसवल्यावर मुलींच्या शेवटच्या बाकावर उणे ८२ चे उणे ५८ झाले. फरक २४ चा, म्हणजे ताकद सुमारे अडीचशे पट. माझ्या खुर्चीवर मात्र उणे ४४ चे उणे ६३ झाले. कमिटीतले एक ज्येष्ठ म्हणाले, “आपल्या खोलीतलं कमी केलंत की हो!” मी म्हटले, “काका, तुमचं काम चालतंय ना?” ते म्हणाले, “चालतंय.” मग विषय संपला.

कुलूप-किल्ली

दोन पासवर्ड असतात. एक वाय-फाय वापरण्याचा, तो मुलांना द्यायचा. दुसरा डब्याच्या आतल्या कारभाराचा. कारखान्यातून येताना तो साधासा असतो आणि पुष्कळ ठिकाणी तसाच राहतो. म्हणजे घराला कुलूप आणि किल्ली दारातच! तो पहिल्याच दिवशी बदला, कागदावर लिहा, पाकीट बंद करून कमिटीच्या कपाटात ठेवा. सेटिंगमध्ये सुरक्षेचा प्रकार डब्ल्यूपीए२ किंवा डब्ल्यूपीए३ असावा. जुना डब्ल्यूईपी असेल तर तो कुलूप नव्हे, कडी आहे. अभ्यासिकेचा संगणक आणि छपाईयंत्र एका नावावर, मुलांचे फोन दुसऱ्या पाहुण्या नावावर ठेवा.

कुणाला पैसे घेऊन सार्वजनिक वाय-फाय चालवायचे असेल तर घरगुती प्लॅनवर परस्पर धंदा करू नये. डिसेंबर २०२० मध्ये केंद्र सरकारने मंजूर केलेल्या पीएम-वाणी योजनेत छोट्या दुकानदारालाही परवाना शुल्काशिवाय असे केंद्र चालवण्याची सोय आहे. ती समजून घ्यावी.

आयाबहिणींचा प्रश्न

डबा मुलींच्या डोक्यावर लावला तेव्हा दोन आयाबहिणी आल्या. “साहेब, या लहरींनी पोरींच्या डोक्याला काही व्हायचं नाही ना?” प्रश्न रास्त आहे, हसण्यावारी नेऊ नये. एक्स-रेच्या किरणांसारखी ही लहर शरीरातल्या अणूंची मोडतोड करणारी नाही. अशा डब्याची शक्ती साधारण वॉटच्या दहाव्या हिश्शाएवढी असते, आणि अंतर दुप्पट झाले की ती चौथाई उरते. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ च्या माहितीपत्रकात म्हटले आहे की बिनतारी जाळ्यांच्या अशा क्षीण लहरींनी आरोग्याला अपाय होतो याचा खात्रीशीर पुरावा नाही. डबा तर डोक्यापासून पाच-सहा फूट वर आहे. हे सांगितल्यावर एक मावशी म्हणाल्या, “मग ठीक. पण फोन उशाशी घेऊन झोपतात ते बंद करा.” तो सल्ला मुलांना मी त्यांच्याच नावाने दिला. झोप बुडणे हे नुकसान खरे आहे.

शेवटी हिशेब

तेव्हा आमची विनंती एवढीच. आपल्या वस्तीत डबा बसणार असेल तर कारागिराशी बोलणी करतानाच कागदावर लिहून घ्या: शेवटच्या बाकावर ताकद उणे ६७ हून खाली नको, ठरलेला चढता-उतरता वेग मिळाला पाहिजे, आणि भरलेल्या खोलीत परीक्षा झाल्यावरच शेवटचा हप्ता मिळेल. चांगला कारागीर अशा अटीला रागावत नाही, उलट त्याला काम करायला हुरूप येतो. आणि परीक्षा घेताना पदाधिकाऱ्यांनी मोजू नये. जी मुले शेवटी बसतात त्यांच्याच हातात फोन द्यावा, वहीत सही त्यांचीच घ्यावी.

आमच्या वहीत पहिली सही त्या जिन्यावर बसलेल्या मुलीची आहे. ती आता पहिल्या वर्षाला आहे. महिन्याच्या पहिल्या रविवारी ती आणि तिच्या मैत्रिणी सगळ्या बाकांवर मोजतात आणि वही माझ्या टेबलावर आणून ठेवतात. मागच्या महिन्यात तिने एका रकान्यात लाल पेनाने लिहिले होते, “तिसरा बाक, उणे ७४. कुणीतरी स्टीलचा पाण्याचा पिंप मध्ये ठेवला आहे.” मी स्वतः जाऊन पिंप हलवला आणि खाली सही केली.

पन्नास-पन्नास करून वर्गणी देणाऱ्या मावशींची नात त्याच तिसऱ्या बाकावर बसते. मावशींकडे पावती आहे. आता तिच्यामागे लिहिलेले कामही झाले.

जयभीम.